खिडकीवरचा पडदा

शहापूर हे तालुक्याचे गाव रेल्वेच्या रुळांवर नाही. रुळांवर आहे ते आसनगाव. तिथे उतरून शहापूरला यायचे तर रिक्षा भरेपर्यंत बसून राहावे लागते. मुरबाड तर रुळांवरही नाही आणि रुळांजवळही नाही. मुरबाडकरांचे रेल्वे स्टेशन म्हणजे कल्याण, आणि कल्याणपर्यंतचा रस्ता एसटीचा. या दोन तालुक्यांतल्या माणसाला तिकीट खिडकी कधीच हाताशी नव्हती. पाड्यावरून पायवाट, पायवाटेवरून सडक, सडकेवरून मिळेल ते वाहन, आणि सर्वांत शेवटी ती जाळी. खिडकीपर्यंत पोचणे हाच इथे अर्धा प्रवास असतो. म्हणून खिडकी बंद होण्याविषयी कोणी काही बोलू लागले की माझे कान टवकारतात. शहरातल्या माणसाचे कदाचित टवकारणार नाहीत.

उन्हाळ्यातली एक पहाट सांगतो. मे महिना, करवंदांचा हंगाम. कसाऱ्याकडच्या एका स्थानकात खिडकीपुढे पाचसहा माणसांची रांग. माझ्या पुढे दोन बायका, दोघींच्या डोक्यावर टोपल्या, पळसाच्या पानांनी झाकलेल्या. एकीच्या पदराला धरून एक पोर.

“दादा, कल्यान. दोन पुरी, येक अर्धा.”

“पोराला पाच झाली का?”

“चैतात भरली.”

“मग अर्धं लागेल. परत कधी येणार?”

“माल खपंल तवा.”

“मग रिटर्न काढून ठेव. दुपारी तिकडं गर्दी असते, पोराला घेऊन कुठं उभी राहशील.”

बाईने पदराची गाठ सोडली, नाणी मोजली. खिडकीतल्या माणसाने ती पुन्हा मोजली, एक परत सरकवले, तिकिटे दिली. सगळे मिळून पाऊण मिनिट लागले असेल. या पाऊण मिनिटात पोराचे वय ठरले, भाडे ठरले, परतीचा विचार झाला आणि चुकून जास्त आलेले नाणे मालकिणीकडे परत गेले. तिकीट छापणे हा त्यातला शेवटचा आणि सर्वांत किरकोळ भाग होता. यंत्राला फक्त तेवढाच करता येतो, आणि तो ते आपल्यापेक्षा चांगला करते, हे मला मान्य आहे. वाद उरतो तो बाकीच्या चव्वेचाळीस सेकंदांचा.

हा वाद आज जगभर चालू आहे. त्यातला सर्वांत बोलका प्रसंग इंग्लंडमधला, म्हणजे जिथे रेल्वेचे तिकीट आजच्या रूपाला आले त्याच देशातला. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या अखेरीस थॉमस एडमंडसन नावाचा, पूर्वी सुतारकाम करणारा एक स्टेशन मास्तर प्रत्येक प्रवाशाचे तिकीट हाताने लिहिण्याला कंटाळला आणि त्याने पुठ्ठ्याचे, आधीच छापलेले, क्रमांक घातलेले छोटे तिकीट काढले. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना त्याची जाडी बोटांना अजून आठवत असेल. तारखेच्या यंत्रात ते सरकवले की ‘टक्’ असा आवाज येई, आणि त्या आवाजाने प्रवास सुरू झाल्यासारखे वाटे. गाडी नंतर सुटायची. एडमंडसनची ही युक्ती जगभर पसरली आणि आपल्याकडेही दीडशे वर्षांच्या आसपास टिकली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८५५ साली वासिंदपर्यंत आली आणि १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोचली. आमच्या भागाने रेल्वे पाहिली ती बोरीबंदर–ठाणे गाडीनंतर दोनच वर्षांनी. घाट फोडण्यासाठी इथे माणसांची गर्दी झाली, त्यांतली कित्येक परत गेली नाहीत. पण तो वेगळा विषय आहे.

तर २०२३ साली जुलैच्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या रेल्वे कंपन्यांनी जाहीर केले की बहुतेक सर्व तिकीट कचेऱ्या येत्या तीन वर्षांत बंद करायच्या. संख्या हजाराच्या घरातली. कारणही तयार होते: आता जेमतेम १२ टक्के तिकिटे खिडकीवर विकली जातात. कंपन्यांचे म्हणणे वरकरणी उदार होते. कर्मचाऱ्याला काचेमागून बाहेर काढू, फलाटावर आणू, तो प्रवाशांमध्ये मिसळून मदत करील. परंतु तिथल्या नियमाप्रमाणे खिडकी बंद करायची तर आधी स्थानकावर नोटीस लावावी लागते आणि लोकांचे म्हणणे मागवावे लागते. तशी नोटीस लागली. लोकांनी आपले म्हणणे कळवले, आणि ते सुमारे साडेसात लाख लोकांनी कळवले. अपंगांच्या संघटना पुढे आल्या. दृष्टिहीन माणसांचा मुद्दा मला सर्वांत मार्मिक वाटतो: खिडकी कुठे आहे हे आम्हांला ठाऊक असते, पावले मोजून आम्ही तिथवर जातो, फलाटावर हिंडणारा मदतनीस आम्ही कसा शोधायचा? ज्याला शोधावे लागते ती मदत डोळसांसाठीच असते. प्रवाशांची बाजू पाहणाऱ्या अधिकृत संस्थांनी आक्षेप नोंदवले आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सरकारने कंपन्यांना प्रस्ताव मागे घ्यायला सांगितले.

जपानमध्येही असेच काहीसे घडले. तिथे आरक्षित तिकिटांच्या खिडकीला ‘हिरवी खिडकी’ म्हणतात. पूर्व जपान रेल्वेने २०२१ मध्ये ठरवले की चारशे चाळीसच्या आसपास असलेल्या या खिडक्या एकशे चाळीसपर्यंत खाली आणायच्या. खिडक्या घटल्या, उरलेल्यांपुढच्या रांगा वाढल्या, आणि मे २०२४ मध्ये कंपनीने ही घट थांबवल्याचे जाहीर केले. यंत्रांच्या बाबतीत जपान मागासलेला आहे असे निदान कोणी म्हणणार नाही.

आमच्याकडे खिडकी अशा वाजतगाजत बंद होत नाही. इथे घोषणा नाही, नोटीस नाही, हरकतींची मुदत नाही. चार खिडक्या असलेल्या तिकीटघरात दोन उघड्या असतात आणि दोहोंच्या आत पडदा ओढलेला असतो. कोणी विचारलेच तर माणूस नाही असे उत्तर मिळते. एक बाबू निवृत्त होतो, त्याच्या जागी कोणी येत नाही. आज आले नाही म्हणजे उद्या येणार नाही असे काही नसते, म्हणून कोणी भांडतही नाही. वर्ष जाते. पडद्यावर धूळ बसते. मग एक दिवस त्याच काचेवर ॲप कसे उतरवून घ्यावे याचे पत्रक चिकटवले जाते. घडले काय? काहीच नाही. कोणी काही बंद केलेले नाही. इंग्लंडच्या साडेसात लाखांपुढे विरोध करण्यासाठी एक कागद होता. पडद्याला विरोध कसा करायचा? या बाबतीत मला त्यांचा हेवा वाटतो. खिडकीचा नव्हे, नोटिशीचा.

आता दुसऱ्या बाजूचे बोलणे भाग आहे, कारण ती बाजू खोटी नाही. तिकीट खिडकीविषयी हळवे होऊन लिहिणारा माणूस बहुधा पासधारक असतो, असे माझे निरीक्षण आहे. (प्रस्तुत लेखकही वीस वर्षे पासधारक होता.) ज्याला रोज रांगेत उभे राहावे लागले त्याला विचारा. ही खिडकी मुळातच अशा उंचीवर आणि अशा मापाची केलेली असे की बोलण्यासाठी वाकावे लागे, आणि आतला माणूस बसलेला असूनही बाहेरचा उभा माणूसच लहान दिसे. लहानपणी एका खिडकीवर, कुठल्या ते सांगत नाही, माझ्या आजोबांनी दोनदा विचारले म्हणून आतून जो शब्द आला तो मी विसरलेलो नाही. आजोबांनी तो ऐकला नसावा, किंवा ऐकला नाही असे त्यांनी दाखवले. सुट्टे नाहीत म्हणून रांगेतून बाजूला केलेली माणसे मी पाहिली आहेत. रांगेत उभे असताना समोरून निघून गेलेली कसारा लोकल कोणी पाहिली नाही? कल्याणपुढे कसाऱ्यापर्यंत लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल एकाच दुपदरी मार्गावरून धावतात. तिसऱ्या मार्गाचे काम वर्षानुवर्षे चाललेले आहे. इथे हुकलेली गाडी म्हणजे दादरला हुकलेली गाडी नव्हे. दादरचा माणूस चार मिनिटांनी पुढच्या गाडीत बसतो. आमच्याकडे एक गाडी गेली की त्या दिवसाची मजुरी गेली असे होऊ शकते.

म्हणून २०१४ मध्ये मुंबईत जेव्हा मोबाइलवर अनारक्षित तिकीट काढण्याची सोय झाली तेव्हा ती मला नि:संशय चांगली वाटली आणि आजही वाटते. आमच्या गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुली आज घरातून निघताना पास काढतात, रिक्षात बसल्याबसल्या तिकीट काढतात. त्यांच्या आयांनी रांगेत घालवलेले तास त्यांना घालवावे लागत नाहीत. तिथे खिडकीची महती गायला गेलो तर त्या हसतील, आणि त्यांचे बरोबर असेल. जुलै २०२५ मध्ये तर रेल्वेने ‘रेलवन’ नावाचे नवे ॲप आणून आरक्षित, अनारक्षित, चौकशी, तक्रार असे सगळे एकाच ठिकाणी गोळा केले. छान आहे. माझे भांडण सोयीशी नाही. सोय आली की आधीचे सगळे अडगळ ठरते, या गृहीतकाशी आहे.

तो बारा टक्क्यांचा हिशेबच घ्या. शंभरांतले अठ्ठ्याऐंशी यंत्राकडे गेले, बारा उरले. बारांसाठी कचेरी कशाला चालवायची? हा हिशेब असे धरून चालतो की अठ्ठ्याऐंशी माणसे एका प्रकारची असतात आणि बारा दुसऱ्या. प्रत्यक्षात एकच माणूस महिन्याचे एकोणतीस दिवस अठ्ठ्याऐंशींत असतो आणि तिसाव्या दिवशी बारांत येतो. त्या दिवशी त्याच्या फोनचा चार्ज संपलेला असतो, किंवा पैसे कापले गेलेले असतात आणि तिकीट आलेले नसते, किंवा त्याच्याबरोबर म्हातारी आई असते आणि तिला केईएमला न्यायचे असते. रूळांच्या अगदी जवळ आल्यावर ॲप तिकीट देत नाही, कारण टीसी दिसल्यावर तिकीट काढणाऱ्यांना आळा घालायचा असतो. नियम रास्त आहे. पण घाईत धावत फलाटावर पोचलेल्या साध्या माणसाला आणि त्या चतुर माणसाला ते यंत्र वेगळे ओळखू शकत नाही. खिडकीतला बाबू नुसत्या तोंडाकडे पाहून ओळखतो. (कधीकधी चुकीचे ओळखतो, हेही खरे.)

आणि हे झाले फोनवाल्या माणसाविषयी. टोपलीवालीचे काय?

इथे नेहमी एक उत्तर मिळते: यंत्रे आहेत की. स्थानकांवर स्वयंचलित तिकीट यंत्रे उभी आहेत, त्यांवर मराठी आहे, चित्रे आहेत, शिकता येते. जरूर शिकता येते. पण या यंत्रांची आमच्या स्थानकांवर जी गत झाली ती एखाद्या विनोदी लेखकाच्या हाती लागायला हवी होती. यंत्रे आली तेव्हा लोक त्यांच्यापुढे बावरून उभे राहू लागले. मग रेल्वेने निवृत्त कर्मचाऱ्यांना कमिशनवर यंत्रापाशी बसण्याची मुभा दिली. हे गृहस्थ आपले कार्ड यंत्रावर ठेवतात, आपण ‘एक ठाणे’ म्हणतो, ते पडद्यावर दोनतीनदा बोट लावतात, तिकीट बाहेर येते, ते आपल्या हाती देतात आणि रोख पैसे घेतात. त्यांच्यापुढे रांग लागते. म्हणजे माणसाला हटवण्यासाठी यंत्र आणले, आणि यंत्र चालावे म्हणून तोच माणूस, बहुधा त्याच खिडकीतून निवृत्त झालेला, यंत्रापुढे आणून बसवला. फरक इतकाच की आधी त्याला पगार होता, डोक्यावर पंखा होता, आणि बाई रांगेत ‘दादा’ म्हणाली तर तो दादा रेल्वेचा होता. आता तो कोणाचा?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. खिडकीतला माणूस उद्धट असो की मायाळू, तो संस्थेच्या वतीने बोलतो. त्याने ‘पोराचे अर्धे लागेल’ म्हटले की ते रेल्वेचे म्हणणे असते, आणि ते चुकले तर रेल्वे चुकलेली असते. त्याच्यावर तक्रार करता येते. आपल्यापैकी किती जणांनी तक्रारपुस्तक मागून, ते मिळेपर्यंत उभे राहून, त्यात दोन ओळी लिहिल्या असतील हा वेगळा प्रश्न, पण मागता येते. ॲपमधून आलेला संदेश कोणाचा असतो? ‘काहीतरी चुकले आहे, पुन्हा प्रयत्न करा.’ काय चुकले, कोणाचे चुकले, हे त्या वाक्यात मोठ्या खुबीने टाळलेले असते. त्याला कर्ता नाही. आपल्या सरकारी मराठीत कर्मणी प्रयोगाची खोड जुनीच आहे, ‘कळविण्यात येते की’ वगैरे. परंतु तिथे निदान खाली सही तरी असते.

यंत्रांना सरसकट विरोध म्हणून हे कोणी वाचू नये, यासाठी मुरबाडचेच उदाहरण देतो. मुरबाडला रेल्वे नाही पण एसटीचे आगार आहे, आणि तालुक्याचा बराचसा भाग अजून एसटीवर चालतो. एसटीच्या कंडक्टरकडे पूर्वी तिकिटांचा पत्र्याचा ट्रे असे आणि हातात पंच. तो पंच दांडीवर वाजवत तो गर्दीतून वाट काढी. पुढे ते सगळे गेले आणि हातात मावेल एवढे तिकिटाचे यंत्र आले. कोणी हळहळले नाही, मीही नाही. पंच गेला, माणूस राहिला. म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा टोकावड्याच्या म्हातारीला ते कळण्यासाठी काही उतरवून घ्यावे लागले नाही. ती नेहमीप्रमाणे गाडीत चढली, तिने पैसे पुढे केले, आणि कंडक्टरने तिला सांगितले. आधार कार्ड पाहिले, तिकीट फाडले, संपले. योजना चांगली की वाईट, तिचा बोजा महामंडळाने कसा सोसावा, हे वाद बाजूला ठेवू. माझा मुद्दा एवढाच की सरकारचा निर्णय आणि म्हातारी यांच्यामध्ये बोलणारा एक माणूस होता, म्हणून निर्णय तिच्यापर्यंत पोचला.

रेल्वेच्या बाबतीतही असाच एक दाखला आहे आणि तो फार जुना नाही. करोनाच्या काळात मार्च २०२० मध्ये मुंबईच्या लोकल बंद झाल्या. मग अत्यावश्यक सेवेतल्यांना, मग ठरावीक वेळांत सर्वांना, मग पुन्हा ठरावीक लोकांना, अशी ती उघडझाप चालली. कसारा मार्गावरच्या माणसाचे त्या काळात काय झाले हे त्यालाच माहीत. कंपनीत जायचे तर महामार्गावरून मिळेल त्या टेंपोने. ऑगस्ट २०२१ मध्ये लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना, दुसरीला चौदा दिवस झाल्यावर, मासिक पास मिळू लागला. प्रमाणपत्र डिजिटल होते, तपासणी ऑनलाइन होऊ शकत होती, ॲप हाताशी होते. तरीही काय करावे लागले? स्थानकांवर टेबले मांडून माणसे बसवावी लागली. त्यांनी प्रमाणपत्राचा कागद पाहायचा, शिक्का मारायचा, आणि तो शिक्का घेऊन आपण जायचे ते तिकीट खिडकीवर. एरवी जुनाट ठरवलेल्या त्या जाळीतून त्या दिवसांत कित्येकांच्या नोकऱ्या परत मिळाल्या. कोणालाही वगळायचे नाही असे शासनाला जेव्हा खरोखर वाटते तेव्हा ते खिडकी उघडते. याहून निराळा अर्थ मला त्यातून काढता येत नाही.

खिडकीवर आणखीही काही कामे चालतात, ती कोष्टकात दिसत नाहीत. विद्यार्थ्याच्या सवलतीच्या पासासाठी कॉलेजचा दाखला घेऊन जायचे. अपंगांची, आजाऱ्यांची सवलत कागद पाहून द्यायची. २००९ मध्ये ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना ‘इज्जत’ नावाचा मासिक पास निघाला: महिना दीड हजारापर्यंत उत्पन्न असलेल्या माणसाला शंभर किलोमीटरपर्यंतचा पास २५ रुपयांत. आमच्या भागाचे अंतर त्याला बेताचेच बसत होते. आसनगाव मुंबईपासून पंच्याऐंशीच्या आसपास, कसारा एकशे वीसच्या. दाखला आणणे हा एक वेगळाच वनवास होता आणि किती गरजूंनी तो पुरा केला कोण जाणे. पण ज्यांनी केला त्यांना शेवटी तो कागद दाखवण्यासाठी समोर कोणीतरी डोळ्यांनी वाचणारे हवे होते. सवलत ही गोष्टच अशी आहे की ती अपवादासाठी असते, आणि अपवाद बोलून सांगावा लागतो. यादीतला पर्याय निवडून तो सांगता येत नाही, कारण यादी करणाऱ्याला तो सुचलेला नसतो.

मला गंमत वाटते ती ‘खिडकी’ या शब्दाची. एकीकडे सामान्य माणसापुढची खिडकी कालबाह्य म्हणून पडद्याआड चालली आहे, आणि दुसरीकडे शासनाला उद्योजकांसाठी काही चांगले करायचे झाले की ते ‘एक खिडकी योजना’ आणते. मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे. तिथे कारखाना काढू पाहणाऱ्याला दहा खात्यांत हिंडावे लागू नये, एका ठिकाणी एकाच माणसाने त्याचे सगळे ऐकून घ्यावे, ही कल्पना आधुनिक, कार्यक्षम, गुंतवणुकीला पोषक समजली जाते. बरोबरच आहे, मलाही ती तशीच वाटते. ज्याच्याकडे पैसा आहे, वकील आहे, इंग्रजी आहे, लॅपटॉप आहे, त्याला खिडकी हवी असते आणि ती मिळते. आणि जिच्याकडे पदराच्या गाठीत नाणी आहेत तिने स्वावलंबी व्हावे.

यावर कोणी म्हणेल की पैसा कुठून आणायचा. दुसऱ्या वर्गाचे लोकलचे किमान भाडे पाच रुपये. पाच रुपयांचे तिकीट विकायला पगारी माणूस बसवणे परवडत नाही हे खरेच आहे. पण ते आधीही परवडत नव्हते. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यातली. त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. तो टँकर परवडतो का, असा हिशेब आम्ही मुंबईकडे कधी मागितला नाही. कसारा लोकलने रोज पहाटे जी भाजी, जी फुले, जे मजूर, ज्या कामवाल्या आणि जे शिपाई खाली उतरतात त्यांच्या तिकिटाचा विक्रीखर्च वेगळा काढून दाखवणारी कारकुनी मला नेहमीच थोडी कद्रू वाटत आली आहे. प्रत्येक स्थानकावर सहा खिडक्या चोवीस तास उघड्या ठेवा असे माझे म्हणणे नाही. एक असावी. पहिल्या गाडीच्या आधी उघडावी. तिच्यावर रोख पैसे चालावेत. आणि ती बंद करायची झाली तर कोणीतरी सहीनिशी तसा कागद लावावा, म्हणजे त्याखाली आम्हांला आमचे म्हणणे लिहिता येईल.

राहता राहिले मुरबाड. कल्याण–मुरबाड रेल्वेमार्ग हा आमच्या भागातला जुना विषय आहे. मंजुरी, निधी, भूसंपादन, सर्वेक्षण या शब्दांभोवती तो कित्येक निवडणुका फिरतो आहे. जी पिढी त्याची वाट पाहत होती तिच्यातले बरेच जण एसटीनेच शेवटपर्यंत गेले. तरीही तो होईल असे मी धरून चालतो. मग कधीतरी मुरबाडच्या स्थानकाचा नकाशा काढला जाईल. कदाचित कुठल्या तरी टेबलावर तो निघालाही असेल. फलाट असेल, पादचारी पूल असेल, सरकते जिने असतील, रिक्षातळ असेल. तो नकाशा लोकांना पाहायला ठेवतील तेव्हा मी मुद्दाम एसटीने मुरबाडला जाणार आहे. तिकीटघराची चौकट त्यात आहे का, असली तर तिला खिडकी किती, आणि तिच्या आत एक खुर्ची दाखवली आहे की नुसतीच यंत्रे उभी करण्याची जागा, एवढेच मला पाहायचे आहे.